गौराच्या पाठीमागे कोण उभं होतं

सोमवार, १२ ऑगस्ट २००२

विमा एजंटाने जानेवारीत दिलेली ही डायरी सात महिने दुकानात कोरी पडून होती. आज तिला काम मिळालं. १० नोव्हेंबरला आमच्या वाचनालयाला पंचाहत्तर वर्षं पूर्ण होतात. त्या दिवशीचं मुख्य भाषण मी करायचं, असं काल बैठकीत ठरलं. विषयही मीच दिला: 'कथेतील मर्यादा'. अध्यक्ष मोहनराव लगेच हो म्हणाले. "केदारनाथअप्पा, तुमीच बोला. बाहेरचा वक्ता आणला की त्याला घडीघडी चहा लागतो." मोहनरावांचा साहित्याशी संबंध एवढाच.

अंबाजोगाईत मी पाठ्यपुस्तकं आणि वह्या विकतो, पण सोळा वर्षं वाचनालयाचा कार्यवाह आहे. या सोळा वर्षांत वाचकांच्या हाती काय पडू दिलं नाही, तेच माझं खरं काम. एकतीस पुस्तकं लोखंडी कपाटात कुलपात आहेत. कुणाचं भावजयीशी, कुणाचं विहिणीशी, असलं सगळं. वाचनालयात जागा नाही म्हणून कपाट आमच्या माडीवर ठेवलंय आणि किल्ली देवघरात असते. माझी पत्नी शिवकन्या दर महिन्याला ती पुस्तकं काढून पुसते, वाळवी लागू नये म्हणून. एकतीस पुस्तकं पुसायला तिला अख्खी दुपार लागते. बायकांच्या कामाला वेग कसा तो नाहीच.

रविवार, १८ ऑगस्ट

नांदूरघाटहून अक्का आली होती. पुढे कधी ही डायरी कुणी परक्याने वाचली तर त्याचा गोंधळ होऊ नये म्हणून लिहून ठेवतो. बसम्माअक्का माझी थोरली बहीण, आणि शिवकन्येची आई. आमच्यात भाचीवर मामाचा पहिला हक्क असतो. मी शिवकन्येचा सख्खा मामा. १९७८ साली आमचं लग्न झालं, तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. त्यामुळे अक्का माझी बहीणही आहे आणि सासूही. घरातलं घरात, ना शोधाशोध ना चौकशी.

आता आमची वर्षाराणी एकवीस वर्षांची झाली, यंदा बी.एस्सी. कॉम्प्युटर पास झाली. तिला अक्काच्या धाकट्या मुलाला, अमरनाथला द्यायचं. म्हणजे तिच्या मामाला. तो कड्याला साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत आहे. निर्व्यसनी पोरगा. १७ नोव्हेंबरला साखरपुडा धरला.

अक्काने विचारलं, "शिवू, तुला पसंत हाय न्हवं?"

"भाकरी करपतीय," म्हणून शिवकन्या आत गेली.

वर्षा म्हणाली, "अमरमामाला इचारलं का कुणी?"

मी सांगितलं, "आता मामा म्हणायचं बंद कर."

"मग काय म्हणू?"

"काही म्हणू नको. तुझी आई मला काय म्हणते?"

खरंच आहे. चोवीस वर्षांत शिवकन्येने मला कशानेच हाक मारली नाही. साधं अहोसुद्धा नाही. समोर येऊन उभी राहते आणि बोलायला लागते. मी मागच्या अंगणात असलो तर भांडं वाजवते. परगावाहून माझा फोन आला तर उचलून वर्षाच्या हातात देते. एवढी मर्यादा हल्ली कुठे बघायला मिळते!

शुक्रवार, ३० ऑगस्ट

वर्षा म्हणाली, "पप्पा, भाषणाला मसाला पायजे ना? चला, दावते." आणि मला अंगदच्या दुकानात घेऊन गेली. अंगदचं पूर्वी एसटीडी बूथ होतं. आता प्लायवूडचे चार कप्पे करून, प्रत्येकाला पडदा लावून त्याने 'सायबर कॅफे' अशी पाटी लावली आहे. ज्या कामाला पडदा लागतो ते काम काय असणार, हे सांगायला नको. वर्षा मात्र तिथं दुपारी मैत्रिणींच्या प्रोजेक्टचं टायपिंग करते. आईची पाककृतीची वही सोबत नेते. "वहीच्या मागच्या पानांवर टिपणं हायत," म्हणाली.

तिने दाखवलं ते बघून मी थक्क झालो. एका साप्ताहिकात पूर्वी 'थोरला सोपा' नावाची कादंबरी क्रमशः यायची, एका देशमुखांच्या घराची. एकशे बाराव्या प्रकरणावर लेखक वारले आणि गोष्ट अर्धी राहिली. मीही वाचली होती. आता जगभरचे रिकामटेकडे इंटरनेटवर एक वाचकमंडळ काढून बसलेत, आणि त्या मेलेल्या माणसाची पात्रं घेऊन पुढची गोष्ट स्वतःच लिहितात! मराठी, पण इंग्रजी अक्षरांत. 'आई' लिहायला ए-ए-आय. एकाने धाकट्या सुनेला दिराच्या प्रेमात पाडलंय, आणि खाली चाळीस जणांनी माना डोलावल्यात. मंडळात डॉक्टर आहेत, इंजिनिअर आहेत, एक तर न्यू जर्सीत बसलाय. एवढं शिकून माणूस अखेर भावजयीपाशीच जातो.

मी 'अभिरुची' हे नाव घेऊन एका बोटाने पहिला निषेध टाइप केला. पाऊण तास गेला.

शनिवार, १४ सप्टेंबर

वाचकमंडळात रण पेटलंय. न्यू जर्सीवाला 'राजहंस' नावाने लिहितो. तो माझ्या बाजूने आहे: जे लिहिलं त्याला मान्यता दिली, असाच त्याचा अर्थ होतो, म्हणून घाण लिहूच नये. पुण्याच्या एक बाई म्हणतात, वाचणाऱ्याच्या अंगावर काटा यावा म्हणूनच तर लिहितात, काटा आला म्हणजे मान्यता कशी? पुण्याच्या बायकांना प्रश्न विचारायला कुणी शिकवावं लागत नाही.

आज जेवताना मला उत्तर सुचलं. वर्षाला म्हटलं, "ऐक. प्रत्येक घरात मोरी असते. म्हणून कुणी पाहुण्याला मोरीत नेऊन बसवतं का? जे जे घडतं ते ते लिहायचं नसतं."

शिवकन्या वाढत होती. पळीतून वरण ताटाबाहेर सांडलं. मी ओरडलो. पण वाक्य बिनतोड होतं. दुपारी जाऊन मंडळात टाकलं.

शनिवार, २१ सप्टेंबर

विजय! मंडळाचे चालक पुण्याचे कुणी निवृत्त अभियंता आहेत. त्यांनी माझा नियम शब्दशः स्वीकारला: 'निषिद्ध नात्यांचे चित्रण करणारे लेखन मंडळावरून काढून टाकण्यात येईल.' दीर-भावजयीचं प्रकरण काल काढलं. राजहंसने माझं अभिनंदन केलं. मोहनरावांना सांगितलं तर म्हणाले, "म्हंजे तिकडं अमेरिकेत बी आपलं कुलूप लागलं म्हणा की!" प्रथमच ते काही बरं बोलले.

घरी सांगितलं तर वर्षा म्हणाली, "निषिद्ध कोणतं ते कोण ठरवणार?" मी म्हटलं, ते ठरवावं लागत नाही, सभ्य माणसाला ते कळतं. मंडळातही मी तेच लिहिलं होतं.

शनिवार, २८ सप्टेंबर

आज मंडळावर एक नवीन गोष्ट आली. लिहिणाऱ्याचं टोपणनाव 'कोनाडा'. मूळ कादंबरीत एक ओळ आहे: 'थोरल्या लेकीची गौरा तिच्या मामालाच दिली.' बस्स, गौरा पुन्हा कुठे येत नाही. त्या एका ओळीतून या माणसाने पूर्ण गोष्ट काढलीय, तीन भागांत येणार आहे.

पहिला भाग वाचला. मान्य करायला हवं, भाषा जिवंत आहे आणि आमच्याकडची आहे. लहानगी गौरा फाटकाच्या दांडीवर चढून मामाची वाट बघते. मामा मोटारीतून उतरला की पळत जाऊन त्याची पिशवी धरते. पिशवीत गुळाची गोडीशेव असते. 'मामा, आलास?' असं ती तोंडाने म्हणते आणि डोळे पिशवीत असतात.

अगदी खरं. मीही नांदूरघाटला जाताना गोडीशेव नेत असे, शिवकन्या लहान होती तेव्हा. सगळेच मामा नेतात. हा 'कोनाडा' म्हणजे नांदेडचा किंवा परभणीचा कुणी प्राध्यापक असणार. इतकं निरीक्षण बाईला जमायचं नाही, बायका लिहितात तेव्हा फार रडतात.

खुशीत होतो, येताना पावशेर गोडीशेव आणली. शिवकन्येने पुडा हातात घेतला, पण दोरा सोडला नाही. म्हटलं, बाई, उघड की. मग वर्षाने उघडला.

गुरुवार, ३ ऑक्टोबर

दुसरा भाग आला. गौराच्या लग्नाचा. तसाच उतरवून घेतो:

'नवरीच्या मागं मामा उभा राहातो. तिच्या खांद्यावर हात ठिवतो, कारण नवरीचे पाय कापत्यात. गौराचा मामा समोर हुता, अंतरपाटाच्या पलीकडं. मग मागं कोण? शेजारच्या एका माणसाला मामा म्हणून उभं केलं. त्याच्या तोंडाला तंबाखूचा वास हुता. गौराचे पाय कापाय लागले तशी तिनं सवयीनं मागं वळून बघितलं, मामा कुठाय म्हणून.'

आणि पुढे: 'नवरा मिळाला, तो वाईट न्हवता. पण त्या दिवशी तिचा मामा गेला. त्याच्यासाठी रडाय कुणीच आलं न्हाई, कारण सगळे जेवाय बसले हुते.'

इथे लेखक घसरला. मामा गेला कसा? तो तर समोर उभा आहे, धडधाकट, मुंडावळ्या बांधून! वस्तुस्थितीचं भान सुटलं की चांगल्या लेखकाचं असं होतं. तंबाखूचा वास मात्र छान घेतलाय. आमच्याही लग्नात शिवकन्येच्या मागं कुणाला तरी उभं केलं होतं. कुणाला, ते काही आता आठवत नाही. मी समोर होतो, माझ्यापुढे अंतरपाट होता.

बुधवार, ९ ऑक्टोबर

संताप आवरत नाही. त्या राजहंसाने गौराच्या गोष्टीवर गरळ ओकली आहे. 'सख्ख्या मामाशी लग्न! ही विकृती आहे. असलं कोण सुचवतं? लेखकाला मानसोपचाराची गरज आहे.' मागोमाग अकरा जण. कुणी 'किळस', कुणी 'शी'. दीर-भावजयीवर माना डोलावणारे हेच ते अकरा! एकाने लिहिलंय, 'दीर-भावजयी निदान रक्ताचे तरी नाहीत.' आणि आज चालकांनी, माझ्या नियमाचा दाखला देऊन, माझ्या नियमाचा, दोन्ही भाग काढून टाकले आणि तिसरा छापायला नकार दिला. निषिद्ध नातं म्हणे!

म्हणजे मी निषिद्ध? चार पिढ्यांची आमची रीत, आणि ज्याला स्वतःची आजी कुठल्या गावची ते माहीत नाही तो न्यू जर्सीत बसून नाक मुरडणार! मी खरमरीत पत्र लिहिलं: माझा नियम घाणीसाठी होता, चालीरीतीसाठी नव्हता. चालकांचं उत्तर दोन ओळींचं. 'आपणच म्हणाला होतात, सभ्य माणसाला ते कळतं. आम्हाला कळलं.'

पुण्याच्या बाई एकट्याच गोष्टीच्या बाजूने उभ्या राहिल्या. त्यांनी लिहिलं, 'ही गोष्ट त्या प्रथेची जाहिरात नाही, तक्रार आहे. तुम्ही तक्रार करणारीलाच बाहेर काढलंत.' बाईंना वाचता येत नाही असं दिसतं. गोष्टीत तक्रार कुठे आहे? नवरा वाईट नव्हता, असं स्पष्ट लिहिलंय.

शनिवार, १२ ऑक्टोबर

परवा 'कोनाडा'ला मी थेट पत्र पाठवलं. लिहिलं: आपण घाबरू नये, आपल्या समाजाचा अपमान मी सहन करणार नाही, तिसरा भाग मला पाठवावा. वर्षाच माझ्याशेजारी बसून टाइप करत होती. मधेच हसली, मग तिला ठसका लागला. अंगदने पाणी दिलं.

उत्तर आज आलं. तिसरा भाग आहे आणि वर चार ओळी:

'तुमी लिवलं हुतं, मोरीत पाहुण्याला बसवत न्हाईत. बरोबर हाय. पण घरातल्या एखादीला मोरीतच बसवलं असंल, तर तिनं कुठून बोलायचं? ती बोलली की तुमी म्हणणार, मोरीतून आवाज येतो.'

बोचरं आहे, पण माझ्याच वाक्याला उत्तर देण्याइतकी मला किंमत दिली, हेही खरं. तिसरा भाग अंगदच्या प्रिंटरवर छापून घेतला. शाई फिकट आहे. त्यात गौराला मुलगी होते, ती मोठी होते, आणि तिच्या मामाचा हक्क निघतो. गोष्ट साखरपुड्याच्या आदल्या दिवशी थांबते. शेवट नाही. बहुधा लेखकाला सुचला नसावा.

सोमवार, २१ ऑक्टोबर

ठरवलं. भाषणात गौराची गोष्ट मोठ्याने वाचायची. न्यू जर्सीने जिला विकृती म्हटलं ती आमची रीत किती सुंदर आहे, हे भरल्या सभेत दाखवायचं. वाचून झाल्यावर आमचंच उदाहरण द्यायचं: चोवीस वर्षं, एक शब्दाचं भांडण नाही. अक्कालाही नांदूरघाटहून बोलावणार. तिला वाचता येत नाही, ऐकेल तरी.

घरी सांगितलं. वर्षाचा चेहरा उतरला. शिवकन्या नेहमीसारखी समोर येऊन उभी राहिली आणि कधी नव्हे ते मला अडवत म्हणाली, "वाचू नका."

"कावून?"

"लोकायला कळंल."

"कळावं म्हणूनच वाचतोय!"

ती दारापर्यंत गेली. मग म्हणाली, "मग सगळी वाचा. मधलं गाळू नका." बायकांचं असं असतं, घटकेत नको, घटकेत हवं.

बुधवार, ६ नोव्हेंबर. भाऊबीज

अमरनाथ कड्याहून आला. शिवकन्येने ओवाळलं. पुढच्या वर्षी हाच भाऊ जावई असेल, मग ओवाळायचं का नाही, असं मी गमतीने म्हटलं, कुणी हसलं नाही. ओवाळणीत त्याने घडी घातलेले छापील कागद टाकले. प्रयोगशाळेचे असतील. "ताई, मी वाचलं," म्हणाला. शिवकन्येने ते कागद स्वयंपाकघरातल्या कोनाड्यात तिच्या पाककृतीच्या वहीत ठेवले.

वर्षाने त्याला चहा दिला, पण हाक मारली नाही. खाली मान घालून समोर उभी राहिली आणि कप पुढे केला. पूर्वी हीच 'अमरमामा, अमरमामा' करून त्याच्या सायकलच्या दांडीवर बसायची. मला समाधान वाटलं. आईचं वळण बरोबर उतरलंय. अमरनाथचा मात्र चहा तसाच गार झाला.

रविवार, १० नोव्हेंबर

वाचलं. घरी आलो. उद्या लिहीन.

सोमवार, ११ नोव्हेंबर

दुकान उघडलं नाही. काल झालं ते जसंच्या तसं लिहितो.

सभागृह भरलं होतं. डाव्या बाजूला बायका, पहिल्या रांगेत अक्का, शिवकन्या, वर्षा. मी जोरात सुरुवात केली. न्यू जर्सीवर लोक हसले, टाळ्या आल्या. मग गोष्ट वाचायला घेतली. गोडीशेवेपाशी बायकांमध्ये खुसखुस झाली. अक्का शेजारणीला मोठ्याने म्हणाली, "आमची शिवी अश्शीच करायची बघ! दांडीवरून दोनदा पडली." मी हसून मान हलवली. तेव्हाही मला काही कळलं नाही, हे इथे लिहून ठेवतो.

लग्नाचा भाग आला. 'त्याच्या तोंडाला तंबाखूचा वास हुता,' एवढं मी वाचलं, आणि अक्का तिथून ओरडली, "अगं बया, ते तर अर्जुनराव! आपल्या शिवीच्या मागं अर्जुनराव उभे केलते की! सारखी तंबाखू चघळायचे मेले!"

सगळे हसले. मोहनराव तर टेबल बडवून हसले.

अक्काही हसत होती. मग हसता हसता ती शिवकन्येकडे वळली आणि थांबली. मीही कागदावरून मान वर केली. शिवकन्या माझ्याकडे बघत होती. रागाने नाही. शाळेत मूल बाईंकडे बघतं, उत्तर बरोबर आलं का म्हणून, तशी.

पुढची ओळ माझ्यासमोर होती. 'तिनं सवयीनं मागं वळून बघितलं, मामा कुठाय म्हणून.' ती मी वाचली. सगळी वाचा म्हणाली होती. लग्नाच्या दिवशी अंतरपाटाच्या वरच्या कडेला तिचं डोकं वळलेलं मला दिसलं होतं. मला वाटलं होतं, मैत्रिणीला शोधतेय. तिसरा भाग संपला तेव्हा टाळी कुणी वाजवली नाही. आमचं उदाहरण मी दिलं नाही. मोहनरावांनी आभार मानून चहा जाहीर केला.

घरी आल्यावर मी स्वयंपाकघरात गेलो, चोवीस वर्षांत पहिल्यांदा कोनाड्यात हात घातला. वही काढली. पहिली बारा पानं लिंबाचं लोणचं, कारळाची चटणी, दिवाळीचे अनारसे. तेराव्या पानापासून गौरा. खोडलेली, पुन्हा लिहिलेली, तेलाच्या डागांची.

मी म्हणे अभिरुचीचा कार्यवाह! माझ्या घरात, माझ्या ताटापुढे लिहिलेलं मला ओळखता आलं नाही, आणि न्यू जर्सीवाल्याला मी हसतो. त्याने निदान वाचून शी तरी म्हटलं. मी तर वाचून दाद दिली.

शिवकन्या शेगडीपाशी होती. मी विचारलं, "चोवीस वर्षं कावून सांगितलं न्हाईस?"

तिने गॅस बारीक केला. "तुमाला काय म्हणून हाक मारून सांगू?" म्हणाली.

मी पाटावर बसलो. तिने ताट वाढलं. मला जेवण गेलं नाही, तिने आग्रहही केला नाही.

मंगळवार, १२ नोव्हेंबर

मंडळाला पत्र पाठवलं: 'माझा नियम मी मागे घेतो. कारण विचारू नये.' राजहंसने विचारलंच. उत्तर दिलं नाही.

लोखंडी कपाट उघडलं. एकतीसही पुस्तकांत बारीक खुणा सापडल्या, कुठे मोडलेला कोपरा, कुठे उदबत्तीची काडी. सगळी शेवटपर्यंत वाचलेली. मी त्यातली चार वाचली होती, बाकी सत्तावीस नाव ऐकून कुलपात घातली होती. पिशव्यांत भरून वाचनालयात पाठवली. मोहनरावांनी फोन केला, "अप्पा, बरं हाय न्हवं तुमाला?" मी म्हटलं, न्हाई.

वर्षाला बोलावून विचारलं, "तुला हे लग्न करायचंय का?"

ती म्हणाली, "पप्पा, मला मामा एकच हाय."

बुधवार, १३ नोव्हेंबर

सकाळच्या एसटीने नांदूरघाटला गेलो. अमरनाथला कालच फोन केला होता, तो माझ्याआधी पोचला होता. अक्काला सांगितलं, साखरपुडा करायचा नाही.

अक्का आधी समजलीच नाही. मग म्हणाली, "चार पिढ्या चाललंय. माझ्या आईला मामाला दिलं, शिवीला तुला दिलं. मग मी लेकीचं वाटोळं केलं असं म्हण ना!"

"तू एकटीनं न्हाई, अक्का. मी बी हुतो की समोर उभा."

"तू तिला मारलं? उपाशी ठिवलं?"

"न्हाई."

"मग कशाचं रडं हाय?"

अमरनाथच बोलला. "आई, वर्षीच्या लग्नात मी समोर उभा राहणार न्हाई. कुणाशी बी होऊ दे, मी मागं उभा राहणार. ती जागा माझी हाय. तिथं दुसरा कुणी तंबाखूवाला उभा केला तर मी मांडवात येणार न्हाई."

अक्काने भिंतीकडे तोंड केलं. चहा केला नाही. निघताना मी तिच्या पाया पडलो, बहीण म्हणून की सासू म्हणून, ते मलाच ठाऊक नाही. तिने पाय मागे घेतले. दाराबाहेर आल्यावर तिचा आवाज आला, "शिवीला म्हणावं, मला वाटलं हुतं पोरगी जवळ राहील." हे मी सांगेन.

परतताना गाडी भरलेली होती, केजपर्यंत उभा राहिलो. अंबाजोगाईच्या स्टँडवरून घराकडे चालत आलो. ऊन कललं होतं. शिवकन्या फाटकाशी उभी होती. एरवी ती फाटकाशी कधी उभी राहत नाही.

मी अजून वीस पावलांवर होतो. ती समोर येऊन उभी राहिली नाही, बोलायला लागली नाही. लांबूनच हाक मारली.

"मामा, आलात?"

लहानपणी 'आलास' म्हणायची. एवढाच फरक. मी हो म्हणालो. तिने पुढे होऊन माझ्या हातातली पिशवी घेतली आणि आत बघितलं. पिशवीत टॉवेल आणि पाण्याची बाटली होती. स्टँडवर गोडीशेवेचा गाडा होता, मी त्याच्यासमोरून आलो होतो. मला आठवलं नाही.